काशिनाथअप्पांची बैठक आणि माझ्या नाकातली नळी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

सोनपेठ,
बुधवार, दुकान उघडायच्या आधी

आदरणीय दाजींना राजेश्वरचा शरणार्थ.

तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? मागं तुम्ही जिंतूरच्या बाजारातून कसलंसं तेल आणलं होतं, त्यानं गुडघा राहिला तसाच आणि धोतर तेवढं पिवळं झालं, असं आक्का सांगत होती. आडतीवर फार वेळ उभं राहत जाऊ नका. चहात साखर किती घालता हे मी विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही खरं सांगत नाही आणि मला ते खरं मानून घ्यावं लागतं (मेव्हण्यानं दाजींना खोटं पाडू नये ही आपल्याकडची रीत मी आजवर पाळत आलोय). आक्का इथं सुखरूप आहे. दोन दिवसांसाठी म्हणून माहेरी आली होती, अजून आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि माझ्या बायकोला स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाही. तुमचा आदिनाथ खिचडी बरी करतो असं कळलं. चांगलंच आहे. त्याच्या लग्नाचं चाललंय, पुढं कामाला येईल.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दाजी, रागावू नका, पण फोनवर मी बोलायला लागलो की तुम्ही हां हां म्हणता आणि मधेच दुसऱ्या कुणाशी तरी कापसाच्या भावाचं बोलायला लागता. मागच्या वेळी मी तुम्हाला माझं दुखणं सांगत होतो आणि तुम्ही मला ओलावा किती आहे असं विचारलंत. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच काही विचारता येत नाही.

माझ्या छातीतल्या जळजळीचं तुम्हाला ठाऊक आहेच. जेवलं की छातीच्या मधोमध विस्तव ठेवल्यासारखं होतं, आणि न जेवता बसलं तरी होतं. हे मी गावात सांगितलं, तिथं माझं चुकलं. शेजारच्या चतुराबाईंनी गार दुधात तूप सांगितलं, पोस्टातल्या दिनकररावांनी दूध-तूप दोन्ही कायमचं सोडायला सांगितलं, आणि दुकानात कुकर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं, कुकर न घेता, उपाशीपोटी कडुनिंबाचा पाला सांगितला. मी तिघांचंही ऐकलं. (भांड्यांच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं ऐकायची सवयच लागलेली असते.) शेवटी परभणीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, आत सगळीकडं फिरून आले आणि म्हणाले, काही नाही. काही नाही म्हणजे काय, दाजी? इतकी माणसं माझ्या दुखण्याला येऊन चहा पिऊन गेली, त्यांना मी काय तोंड दाखवू? डॉक्टरांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, आम्ल अन्ननलिकेत नेमकं कधी वर चढतं ते बघू. त्यासाठी एक छोटं यंत्र आहे, ते अंगावर बांधून एक अख्खा दिवस-रात्र घरी नेहमीसारखं राहायचं. यंत्र बाहेरून मागवावं लागतं, ते सोमवारी मिळेल. आणि त्याआधी आठवडाभर पित्ताच्या गोळ्या बंद. गोळ्या बंद झाल्यावर माझी काय दशा झाली ते आक्काला विचारा, मला लिहवत नाही.

आता घोटाळा असा की, आमच्या निकितासाठी आलेल्या स्थळाची बैठकही सोमवारीच ठरली. मुलगा मन्मथ, नांदेडला असतो. बायोडाट्यात 'हॉस्पिटलमध्ये नोकरी' एवढंच होतं. कसली, ते आमच्याकडून कुणी विचारलं नाही, कारण आमचा मध्यस्थ लिंबाजी म्हणाला की नोकरी पक्की असली की कसली ते विचारू नये, माणूस नाराज होतो. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोरीला पोरगा पसंत, पोराला पोरगी पसंत. राहिलं होतं फक्त देण्याघेण्याचं बोलणं. मुलाचे मामा काशिनाथअप्पा त्यांच्याकडून बोलणार होते आणि ते सोमवार सोडून दुसऱ्या वारी शुभ गोष्ट काढत नाहीत. आमचीही महादेवाची भक्ती असल्यानं आम्हाला सोमवार नको असं म्हणता येईना.

आणि खरा पेच वेगळाच होता. आदल्या आठवड्यात निकितानं मला दुकानात गाठून सांगितलं होतं, "पप्पा, पोरगा मला पसंत हाय. पण त्येंच्याकडनं कुणी काय बी मागितलं तर मी न्हाई म्हणणार. आन् तुमी माझ्या माघारी कबूल करून बसलात तर मला कळल्याबिगर ऱ्हाणार न्हाई." दाजी, मी मान हलवली. पण मनातून मी दुकानाशेजारचा प्लॉट विकायला काढायचं ठरवून बसलो होतो. म्हणजे बघा, त्यांनी मागितलं तर एक तर पोरगी स्वतःच्या हातानं मनासारखं स्थळ मोडणार, नाही तर मी तिच्याशी खोटं बोलून तिला सासरी पाठवणार. त्यात गोळ्या बंद. मी रात्रभर उशाशी तांब्या घेऊन बसत होतो आणि वैजयंती म्हणत होती, भजी कमी खा.

सोमवारी सकाळीच परभणी गाठली. तिथं मंजुषा नावाची एक पोरगी हे काम करते. तिनं मला खुर्चीत बसवलं आणि एक बारीक नळी दाखवली. मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "काका, तोंडातनं न्हाई, नाकातनं." (हे डॉक्टरांनी मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी सोनपेठलाच बरा झालो असतो.) मग तिनं हातात पाण्याचा पेला दिला आणि घोट घ्या, गिळा, घोट घ्या, गिळा असं म्हणत ती नळी माझ्या नाकातून घशात आणि घशातून पार पोटाच्या दारापर्यंत सोडली. माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. नळीचं बाहेरचं टोक गालाला चिकटपट्टीनं चिकटवलं, कानामागून खाली घेतलं आणि एका डबीला जोडलं. डबी साबणाच्या वडीएवढी, काळी, वर एक दिवा लुकलुकणारा. ती एका पिशवीत घालून पट्ट्यानं कमरेला बांधली. गळ्यात इष्टलिंग आहे ते काढावं लागेल का, असं मी घाबरत विचारलं. ती म्हणाली, त्याचा आणि हिचा काही संबंध नाही, राहू द्या. डबीला तीन बटणं. जेवायला सुरुवात केली की ताटाचं चित्र असलेलं दाबायचं आणि जेवण संपलं की पुन्हा तेच दाबायचं, आडवं झालं की खाटेचं, आणि छातीत जळजळलं की मधलं लाल. दाबलं की डबी 'टुंई' करते. मंजुषानं तीनतीनदा बजावलं, की जळजळ झाली आणि बटण दाबलं नाही तर सगळी तपासणी वाया जाईल, मग पुन्हा नळी घालावी लागेल. त्या 'पुन्हा'नं मी इतका घाबरलो की त्या क्षणापासून माझा अंगठा लाल बटणावरच राहिला.

येताना एस.टी.त लोकांनी मला बसायला जागा दिली, इतकी जागा दिली की शेजारी कुणी बसलंच नाही. गंगाखेडला गाडी थांबली तेव्हा डॉक्टरांनी नेहमीसारखं राहा असं सांगितल्याचं आठवलं, म्हणून मी नेहमीसारखी मिरचीची भजी खाल्ली. ताटाचं बटण दाबायला मी विसरलो नाही, हे वैजयंतीला सांगू नका, कारण भजी खाल्लेलीच तिला माहीत नाही. सोनपेठच्या स्टँडवर उतरलो तर समोर लिंबाजी. त्यानं माझ्या नाकाकडं बघितलं, कमरेकडं बघितलं, आणि हे काय म्हणून विचारलं. घशात नळी असताना लांबलचक बोलवत नाही, दाजी. मी मंजुषानं सांगितलं होतं तेच थोडक्यात सांगितलं, की आजच्या दिवसात जे जे होईल ते सगळं ह्या डबीत भरतं, उद्या परभणीला संगणकाला जोडलं की सगळं बाहेर निघतं. लिंबाजीचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, माझ्या काळजीनं. त्यानं मोटारसायकलला लाथ मारली आणि जो निघाला तो पाहुण्यांच्या गाडीला वाटेतच गाठून थांबला, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर वैजयंतीनं कपाळाला हात लावला. पाहुण्यांपुढं असं बसणार का, असं म्हणून तिनं माझ्या तोंडाला उपरणं गुंडाळून बघितलं. आरशात मी दरोडा घालायला निघाल्यासारखा दिसत होतो. मग आक्कानं (ती आदल्या आठवड्यातच आली होती) उपरणं ओढून काढलं आणि म्हणाली, "हाय तसं बसू दे त्येला. दुखनं लपवून सोयरीक करायची न्हाई." चतुराबाई नळी बघून दारातच रडायला लागल्या, त्यांना चहा देऊन गप्प बसवावं लागलं.

पाहुणे आले. सतरंजीवर बसले. नमस्कार-चमत्कार झाले, पाणी झालं, पाऊसपाणी झालं. गंमत अशी की माझ्या नाकाबद्दल एकानंही विचारलं नाही. सगळे माझ्या कमरेकडं बघत होते. मी मनात म्हटलं, काय सुसंस्कृत माणसं आहेत, दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करून लाजवत नाहीत. मुलगा मन्मथ दाराजवळ खाली मान घालून बसला होता, आपल्याकडं बैठकीत नवरा मुलगा बसतो तसा. पडद्याआड निकिता असणार, बांगड्यांचा आवाज येत होता.

काशिनाथअप्पांनी घसा साफ केला. दाजी, बैठकीत मागायची एक पद्धत असते, ती तुम्हाला मी काय सांगू. आधी काही नको म्हणायचं, मग लोकांचं नाव घ्यायचं, मग पोराची अडचण सांगायची, आणि मग गप्प बसून छताकडं बघायचं. अप्पा म्हणाले, "आमाला काय बी नको. देवाच्या कृपेनं घरी समदं हाय." इथपर्यंत मी ठीक होतो. मग ते म्हणाले, "फकस्त पोरगं नांदेडात डूटीला फटफटीवर जायलंय. ऊन हाय, पाऊस हाय..." चारचाकीची ही वाट मला लांबूनच दिसली. प्लॉट डोळ्यांपुढं आला, निकिताचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि छातीत असा भडका उडाला की मी अंगठा दाबला. टुंई!

अप्पा थांबले. डबीचा दिवा लुकलुकला. अप्पांनी लिंबाजीकडं बघितलं, लिंबाजीनं सतरंजीकडं बघितलं. अप्पा सावरून दुसऱ्या वाटेनं आले, "आमचं काय न्हाई हो, पण लोक इचारतेत, जावयाचं काय केलं म्हणून..." टुंई! मी तरी काय करू? मंजुषाचा 'पुन्हा' माझ्या डोक्यात बसला होता. अप्पांनी कपाळ पुसलं आणि अगदी हळू आवाजात सुरू केलं, "लगन काय रोज रोज होत न्हाई..." मी दाबायच्या आधीच खोलीतली सगळी माणसं माझ्या अंगठ्याकडं बघत होती. मी कुणाला नाराज केलं नाही. टुंई!

आणि मग दाराजवळून मन्मथ बोलला. बैठकीत नवरा मुलगा बोलत नसतो, त्यामुळं सगळ्यांनी माना वळवल्या. तो शांतपणे म्हणाला, "मामा, जपून. समदं भरायलंय त्यात. उद्या डॉक्टरपुढं उघडणार."

दाजी, त्यापुढचं तुम्ही बघायला हवं होतं. काशिनाथअप्पा पुढं सरकले, वाकले, आणि माझ्या पोटापाशी तोंड आणून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी काशिनाथ सांगायलोय. आमी हुंड्याच्या कडक विरोधात हाव. आमाला पोरगी पायजे, दुसरं काय बी नको." मला वाटलं ह्या माणसाला माझ्या पोटाबद्दल फारच माया आहे. मी भारावून म्हटलं, निदान भांडी तरी न्या, घरचं दुकान आहे. अप्पा ओरडलेच, "भांडी बी नको! पेला बी नको!" (इथं मला थोडं वाईट वाटलं. भांडी चांगली आहेत.) लग्न दोघांनी मिळून साधं करायचं, खर्च निम्मा-निम्मा, असं ठरलं. चहा-पेढे आले. मी पेढा तोंडात घालायच्या आधी ताटाचं बटण दाबलं, आणि त्या टुंईला सगळ्यांचे कप हवेतच थांबले.

पाहुणे गेल्यावर मी खाटेचं बटण दाबून आडवा झालो आणि वैजयंतीला म्हटलं, बघितलंस, मी एक शब्द न बोलता काय बैठक जिंकली. तेव्हा लिंबाजीनं खरा प्रकार सांगितला, की तो आणि सगळे पाहुणे त्या डबीला बोलणं टेप करायचं यंत्र समजत होते, आणि मी हुंडा मागणाऱ्यांना पकडायला ती नाकातून लावून बसलोय असं सगळ्यांना वाटलं होतं. (नाकातून का, असं मी विचारलं. लिंबाजी म्हणाला, तेवढा विचार करायला वेळ नव्हता.) आम्ही सगळे पोट धरून हसलो, मला हसताना घशात टोचत होतं तरी हसलो. म्हटलं, बरं झालं अडाण्यांची फजिती झाली, बिचारा मन्मथही फसला.

तर निकिता मोबाइल घेऊन आली. मन्मथचा निरोप होता, तो तिनं वाचून दाखवला. "पप्पांना सांगा, नळीकडच्या कुशीवर झोपू नका, पट्टी सुटते. उद्या नळी काढल्यावर घसा दुखेल, गार दूध द्या. आणि लाल बटण दाबायला लाजू नका म्हणावं, दाबलं ते बरं केलं." दाजी, तो पोरगा नांदेडच्या हॉस्पिटलात रोज हेच काम करतो. माणसांच्या नाकातून हीच नळी घालतो. माझ्या दारात पाऊल टाकल्या क्षणी त्याला कळलं होतं की ती डबी कशाची आहे. मामांना तो एक अक्षर खोटं बोलला नाही, फक्त त्यांची समजूत मोडली नाही. निकिता पडद्याआड परत गेली आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपलो (नळीकडच्या कुशीवर नव्हे). मला रडू आलं, ते नळीमुळं नव्हतं.

काल परभणीला नळी काढली. डॉक्टरांनी संगणकावर रेघा बघितल्या. गंगाखेडच्या भज्यांना आम्ल भरपूर चढलं होतं, ते आता बंद. पण दुपारच्या त्या तीन टुंईंना आत काहीच चढलं नव्हतं. रेघ सरळ. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला जळजळ खरीच झाली, पण ती आम्लाची नव्हती, तेव्हा काय चाललं होतं? मी म्हटलं, पोरीची बैठक. डॉक्टरांनाही दोन मुली आहेत. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी चहा मागवला, आणि मग पित्ताला चहा नको म्हणून स्वतःच पिऊन टाकला.

तर असं आहे. लग्नाची तारीख कळवीनच. गुडघ्याला जपा, आदिनाथला आशीर्वाद. लहान तोंडी काही जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपला मेव्हणा,
राजेश्वर

ता.क. डबी हॉस्पिटलला परत केली. पण तशीच पिशवी वैजयंतीनं शिवून दिलीय, आणि जुना मोबाइल तिच्यात बरोबर बसतो. नळीचं बघतो. येत्या सोमवारी आदिनाथच्या बैठकीला तुम्ही चारठाण्याला निघालाय असं कळलं. मुलाचा मामा म्हणून मला मान आहे, मी येणार, आणि तुमच्या अगदी शेजारी बसणार. तुम्ही "आमाला काय बी नको" म्हणालात की तिथंच थांबा, पुढं जाऊ नका.

ता.क. चा ता.क. तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या बैठकीच्या दिवशी आक्का पडद्याआड होती. तुमच्या वडिलांनी काही नको म्हणून मग फटफटीचं काढलं, तेव्हा आमचे बाबा छातीवर हात ठेवून हसत होते, हे तिनं परवा पहिल्यांदा सांगितलं. पुढं तुम्ही ती फटफटी घेऊन आलात की बाबा रोज सकाळी उठून ती पुसून ठेवायचे, हे तर मीही बघितलंय. त्यांना काय होत असेल ते मला सोमवारी कळलं, दाजी. त्यांच्याकडं बटण नव्हतं.

शेवटचं. आक्का परत कधी येणार असं तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा दुसरंच बोललो. ती म्हणते, चारठाण्याच्या पोरीच्या बापाकडं काही मागणार नाही असं तुमच्या हातचं पत्र आलं की मिळेल त्या गाडीनं निघते. फोनवर सांगितलेलं चालणार नाही. रुसायचा मान जावयाचा असतो हे मी तिला सांगून बघितलं, तर म्हणाली, "इतकी वर्सं त्येनीच रुसलेत. आता मी बसलेय."